सर्वे प्लॅनवरची रेघ जमिनीवर कुठे येते?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात माझ्या मामांचे माडांचे भाट, म्हणजे बाग आहे. दोन वर्षांमागे शेजाऱ्यांनी मधल्या हद्दीवर चिऱ्यांचे कंपाउंड घालायला घेतले. पूर्वी तिथे शेराचे कुंपण होते, ते केव्हाच मोडून गेले आणि उरली नुसती गुरांच्या पायांनी पडलेली वाट. मामांनी कपाटातून सर्वे प्लॅनची झेरॉक्स काढली, नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि हिशोब मांडला. स्केल १:१०००, म्हणजे कागदावर एक मिलिमीटर तो जागेवर एक मीटर. शेजाऱ्यांच्या जागेची रस्त्याकडची बाजू कागदावर ३० मिलिमीटर भरली. शेजारी आपला कागद घेऊन आले, तर त्याच प्लॅनवर तीच बाजू ३२ भरत होती. दोन मीटरांचा फरक! दोघेही खरे बोलत होते आणि दोघांच्याही हातात सरकारी प्लॅनच होता. गवंडी काम टाकून गेले. त्या चवथीला दोन्ही घरे एकमेकांकडे आरतीला गेली नाहीत.

मी एका खासगी सर्वेअरच्या ऑफिसात नकाशे काढण्याचे काम करते. मामांचा फोन आला तेव्हा पहिली गोष्ट विचारली ती ही, की तुमचा कागद मूळ सर्टिफाइड कॉपी आहे की झेरॉक्स? ती झेरॉक्सची झेरॉक्स होती. मशीनने पान कागदात बसवण्यासाठी नकाशा थोडा आकसला होता. शंभरातले सहा भाग आकसला की ३२ चे ३० होतात. वर छापलेले ‘स्केल १:१०००’ हे शब्द मात्र तसेच राहतात, कारण मशीनला काय ठाऊक त्या शब्दांचा अर्थ? व्हॉट्सॲपवर आलेला फोटो प्रिंट केला किंवा ऑनलाइन काढलेला प्लॅन घरच्या प्रिंटरवर छापला तरी हेच होते.

म्हणून पट्टी लावण्याआधी कागद तपासा. नकाशावर आणि जागेवर, दोन्हीकडे हमखास ओळखू येतील अशी दोन ठिकाणे शोधा. जुन्या विहिरीचा काठ आणि पन्नास वर्षांच्या घराचा कोपरा सगळ्यांत बरा. जागेवर टेप धरून अंतर घ्या, मग कागदावर मोजा. जुळले तर पुढे चला. जुळले नाही तर त्या कागदावरून वादच घालू नका, तालुक्याच्या भूमापन कार्यालयातून नवी सर्टिफाइड कॉपी काढा.

दोन कागद, दोन कामे

गोव्यात जमिनीचे म्हणून दोन कागद लोकांच्या हातात असतात. एक ‘फॉर्म एक आणि चौदा’, ज्याला आपण सगळे वन-फोर्टिन म्हणतो, आणि दुसरा सर्वे प्लॅन. महाराष्ट्रात सातबारा आहे तसा आपला वन-फोर्टिन. १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली तो तयार होतो. त्यावर गाव, सर्वे नंबर, पोटविभाग, शेताचे नाव, कब्जेदार, कूळ, इतर हक्क आणि क्षेत्रफळ असते. क्षेत्रफळ हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन घरांत लिहितात. ०.१२.७५ असे दिसले तर शून्य हेक्टर, बारा आर, पंच्याहत्तर चौरस मीटर. एका आराचे शंभर चौरस मीटर, म्हणून एकूण १,२७५. जिरायत, बागायत, तरी (भातशेती), खाजन, केर, मोरड अशी जमिनीची वर्गवारीही तिथेच असते. त्यातला ‘मोरड’ म्हणजे डोंगरउताराची चढी जमीन आणि ‘खाजन’ म्हणजे खाडीकाठची, बांधाने खारे पाणी अडवून कसलेली सखल जमीन. हे शब्द वाचले तरी आपली जागा कागदावर कोणत्या जातीची आहे ते कळते.

वन-फोर्टिन माणसांची नावे आणि आकडा सांगतो. आकार सांगतो तो प्लॅन. सरकारी दप्तरात हे दोन्ही एकमेकांना धरून असतात, पण वाचताना ते वेगवेगळे वाचावे लागतात. प्लॅनवर कुणाचेही नाव नसते, फक्त नंबर. ‘४५/३’ म्हणजे सर्वे नंबर ४५ चा तिसरा पोटविभाग. ‘४५/०’ दिसले तर त्या सर्वे नंबराचे तुकडे झालेलेच नाहीत. ‘४५/३-ए’ असेल, तर ३ नंबरचा पोटविभाग नंतर कधीतरी अधिकृतपणे फोडला गेला.

आणि विक्रीखतात ‘४५/३ चा भाग’ असे लिहिलेले दिसले तर तिथे थांबा. गोव्यात होणाऱ्या कितीतरी वादांचे मूळ या एका शब्दात असते. समजा दोन हजार चौरस मीटरच्या जागेतले चारशे तुम्ही घेतले. खतासोबत जोडलेल्या नकाशावर तुमचे चारशे लाल रेघेने दाखवले. म्युटेशन झाले, वन-फोर्टिनवर बाकीच्यांच्या खाली तुमचेही नाव चढले. घरात पेढे वाटले. पण सरकारी सर्वे प्लॅन काढून बघा, त्यावर तुमची लाल रेघ नाहीच! तिथे दोन हजारांचा अखंड तुकडा आहे. म्युटेशनने नाव चढते, रेघ पडत नाही. रेघ पडते ती संहितेच्या कलम ६१ खाली वाटप करून घेतले की. त्यात मोजणी होते, नवा पोटविभाग तयार होतो, नवा नंबर मिळतो. लोक पैसे वाचवायला किंवा कंटाळून हे शेवटचे पाऊल टाकत नाहीत. मग वीस वर्षांनी दुसऱ्या चारशेवाल्याशी भांडण निघते, तेव्हा दोघांकडे खत असते आणि दोघांचीही हद्द सरकारी नकाशावर नसते. जागा घेतली असेल तर ते पाऊल टाकाच, हे मी भेटेल त्याला सांगते.

रेघेला जाडी असते

आता मुख्य गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त वेळा समजावून सांगावी लागते.

साध्या पेनने ओढलेली बारीक रेघ साधारण ०.३ मिलिमीटर जाड असते. १:१००० च्या नकाशावर त्या जाडीचे जमिनीवर ३० सेंटीमीटर होतात. म्हणजे फूटभर. चिऱ्याची आडवी भिंत घातली तर तिची रुंदी त्या रेघेच्या पोटात मावून जाईल. १:२००० असेल तर तीच रेघ ६० सेंटीमीटर खाते. ‘हद्द रेघेच्या बाहेरच्या कडेने की आतल्या?’ असे विचारणारे मला भेटतात. या प्रश्नाचे उत्तर नकाशात असूच शकत नाही, तो नकाशा तितक्या बारकाईने काढलेलाच नाही.

यावर लगेच दुसरा प्रश्न येतो. आता टोटल स्टेशन नावाचे यंत्र आले ना, त्याने तर मिलिमीटरपर्यंत मोजता येते? येते. यंत्र दोन चिऱ्यांमधले अंतर मिलिमीटरपर्यंत अचूक सांगते. पण ज्या जुन्या रेघेशी ते अंतर ताडून पाहायचे, ती रेघच फूटभर जाड आहे. सोनाराच्या काट्यावर नारळाची पोती जोखावीत तसे ते होते. यंत्राने मोजणी सुधारली, जुना नकाशा सुधारला नाही. म्हणून पाच-दहा सेंटीमीटरांसाठी कोर्टात जाणाऱ्यांना मी अगदी कळवळून सांगते, तुमच्या बाजूने बोलणारा पुरावा त्या कागदात नाही.

मोबाइलवरच्या नकाशाचे तर नावच काढू नका. उपग्रहाच्या फोटोवर सर्वे प्लॅन चढवलेला दिसतो आणि आपले घर शेजाऱ्याच्या जागेत गेलेले दिसते, मग छातीत धस्स होते. फोनचे जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा काही मीटरांनी चुकते, माडांच्या झावळ्यांखाली आणखी चुकते. आपली जागा गावात साधारण कुठे आहे ते बघायला ते चांगले. हद्द ठरवायला अजिबात नाही.

ही रेघ आली कुठून

१९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६८ ला संहिता आली आणि सत्तरच्या दशकात गावोगाव सर्वे झाला. मापणारे गावात आले, तेव्हा त्यांना जागेवर जे दिसले ते त्यांनी कागदावर उतरवले. कुठे गडगा, कुठे शेताची मेर म्हणजे बांध, कुठे व्हाळ म्हणजे ओढा, कुठे माडांची ओळ. जिथे काहीच नव्हते तिथे जो माणूस पुढे उभा होता त्याने हात करून दाखवले. घरचा कर्ता मुंबईला किंवा आखातात, शेतावर कूळ, भाटात मुंडकार, म्हणजे भाटाच्या मालकाच्या, भाटकाराच्या, जागेत घर करून राहणारा. अशा घरांत हद्द दाखवायला कोण उभे राहिले असेल, याचा विचार करा. म्हणजे सर्वे प्लॅनवरची रेघ त्या दिवशीचा कब्जा दाखवते. महसूल संहितेचे कलम १०५ सांगते की हक्कनोंदणीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. हा मान मोठा आहे, पण ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे शब्दही त्यातच आहेत. मालकीचा अखेरचा निवाडा दिवाणी कोर्टात होतो.

सर्वेच्या आधीचे पोर्तुगीज काळातले कागद अनेकांकडे असतात. लँड रजिस्ट्रेशनचे वर्णन, मात्रीजची (कराच्या नोंदवहीतली) नोंद, जुन्या कॅडास्ट्रल सर्वेचा नंबर. त्या वर्णनांत मोजमापापेक्षा चतुःसीमा महत्त्वाच्या असतात. पूर्वेला अमक्याचे भाट, पश्चिमेला व्हाळ, उत्तरेला कोमुनिदादची (गावाच्या सामाईक संस्थेची) जमीन, दक्षिणेला पायवाट. जागेला स्वतःचे नावही असते. हे वर्णन आणि आजचा सर्वे नंबर एकास एक जुळेलच असे नाही. एका जुन्या मिळकतीचे तीन सर्वे नंबर झालेले असतात, कधी दोन मिळकती एकाच नंबरात गेलेल्या असतात. पण सर्वे प्लॅनबद्दल शंका आली की हाच जुना कागद कामाला येतो. पूर्वेकडच्या शेजाऱ्याचे वर्णन मिळवा आणि बघा, त्याच्या पश्चिमेला तुमच्या जागेचे नाव आहे का. दोन्ही कागद एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर तो भक्कम पुरावा.

व्हाळ हद्द असेल तर एक लक्षात घ्या. प्लॅनवरचा व्हाळ सर्वेच्या वेळचा. तो पुरात सरकला म्हणून कागदावरची रेघ आपोआप सरकत नाही. शेताच्या मेरेचे दुखणे वेगळेच. ती एकदम सरकत नाही, दरवर्षी कुदळीने बोटभर कोरली जाते. बांध कोरणारा शेजारी आपल्याकडे नवा नाही. दहा पावसाळ्यांत बोटाची वीत होते, आणि तेव्हा तक्रार करायला गेले की ‘मेर पहिल्यापासून इथेच होती’ हे ऐकावे लागते. मेरेच्या दोन्ही टोकांना चिरा पुरून त्याची अंतरे लिहून ठेवणे एवढाच यावर उपाय आहे.

रेघ काय सांगत नाही

भिंत कुणाची, हे आपला सर्वे प्लॅन सांगत नाही. इंग्लंडमध्ये काही खतांच्या नकाशांवर हद्दीच्या रेघेला इंग्रजी टी अक्षरासारखी खूण असते. टी ज्या बाजूला, ती बाजू सहसा कुंपण राखायची. तिथेही जमीन नोंदणीच्या नकाशावरची लाल रेघ ‘सर्वसाधारण हद्द’ म्हणूनच धरतात, नेमकी नव्हे. आपल्याकडे तशी खूणच नाही. म्हणून सामाईक भिंत घालताना साध्या कागदावर तरी लिहून घ्यावे की खर्च कुणाचा, भिंत कुणाच्या जागेत, दुरुस्ती कोण करणार. आज गोडीत असताना दोन ओळी लिहायला लाज वाटते, पण पुढच्या पिढीसाठी त्या दोन ओळीच उरतात.

तुटक रेघांनी दाखवलेली पायवाट दिसली म्हणजे ती सार्वजनिक झाली, असेही नाही. वाट होती एवढेच ती सांगते. वहिवाटीचा हक्क कुणाचा, हे वेगळे सिद्ध करावे लागते. वाट कुणी अडवली तर १९६६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली मामलेदारांकडे जाता येते, आणि तिथे प्लॅनवरची ती तुटक रेघ मोठी मदत करते. मुंडकाराच्या घराचेही तसेच. प्लॅनवर भाटाच्या मध्ये एक छोटा चौकोन दिसतो, भोवती रेघ नसते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्या घराला आणि भोवतालच्या जागेला संरक्षण दिले आहे. चौकोनाभोवती रेघ नाही म्हणून भाटकाराने तिथे कुंपण ओढू नये, आणि आहे तेवढे पुरे म्हणून मुंडकारानेही आपले खरेदीचे प्रकरण अर्धवट सोडू नये.

झोनिंगचा रंगीत नकाशा, सनदेला (जमीन बिगरशेती करण्याच्या परवान्याला) जोडलेला प्लॅन, सीआरझेडचा (किनारा नियंत्रण क्षेत्राचा) नकाशा हे सगळे वेगळे. त्यांवरच्या रेघा जागेचा वापर कशासाठी करता येईल ते सांगतात. त्यावरून शेजाऱ्याशी हद्द ठरवू नये.

शहरांत नंबरांची भाषा बदलते. पणजी, मडगाव, म्हापसा अशा ठिकाणी सिटी सर्वे आहे. तिथे सर्वे नंबराऐवजी पी. टी. शीट नंबर आणि चलता नंबर असतो, वन-फोर्टिनऐवजी फॉर्म डी. घर शीटच्या काठावर येत असेल तर शेजारची शीटही मागून घ्या.

मोजणीचा दिवस

मामांना मी एकच गोष्ट पटवली. एकट्याने अर्ज करू नका, शेजाऱ्यांना घेऊन जा. नियमाने लगतच्या सगळ्यांना नोटीस जातेच, पण नोटीस हातात पडलेला माणूस आधीच रागात असतो. चवथीनंतर महिन्याने दोघे एकाच गाडीतून भूमापन कार्यालयात गेले आणि हद्द कायम करून मिळण्यासाठी अर्ज दिला.

मोजणीच्या दिवशी मी गेले होते. सर्वेअरने यंत्र उभे केले, पण आधी रोख धरला तो जुन्या खुणांवर. या भागात कुठे सर्वेचा चिरा बघितल्याचे कुणाला आठवते का? शेजारच्या काकींना आठवत होते. फणसाच्या मुळाशी पाचोळ्याचा थर होता, मामांनी कोयत्याने तो ओढला आणि खाली शेवाळाने हिरवा झालेला, एका बाजूला कललेला चिरा निघाला. सगळ्यांचे चेहरे उजळले. सर्वेअर म्हणाले, थांबा, नुसता चिरा मिळून भागत नाही. तो हललेला नाही कशावरून? त्यांनी तिथून विहिरीपर्यंत आणि रस्त्याच्या वळणापर्यंत अंतर घेतले, प्लॅनशी ताडले. दोन्ही अंतरे जुळली, तेव्हाच तो चिरा धरला. एका खुणेवरून केलेली मोजणी कधीही मान्य करू नका. कमीत कमी तीन पक्क्या ठिकाणांशी तिचा मेळ बसला पाहिजे. आणि तुम्हाला पटली नाही तर जागेवरच सही करताना तसे लिहा. नंतर तोंडी सांगून उपयोग होत नाही.

दीड तासाने रेघ पडली. शेजाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर ती मामांच्या झेरॉक्सवाल्या हिशोबाच्या पलीकडे होती आणि शेजाऱ्यांनी खणलेल्या पायापासून ४० सेंटीमीटर अलीकडे. म्हणजे दोन मीटर गेल्याची मामांची ओरड खोटी ठरली, पण पायाही हद्दीत नव्हता, तो मामांच्या बाजूला ४० सेंटीमीटर आला होता. शेजारचे काका काही क्षण बोलले नाहीत. मग त्यांनी गवंड्याला हाक मारून पाया मागे घ्यायला सांगितले. दोन टोकांना आणि मध्ये एक असे तीन चिरे पुरले, माथ्यावर तांबडा रंग दिला.

मामांनी त्या संध्याकाळी प्रत्येक चिऱ्याचे अंतर विहिरीच्या काठापासून आणि घराच्या ईशान्य कोपऱ्यापासून टेपने घेतले. नवीन सर्टिफाइड प्लॅनच्या मागे ते लिहिले, खाली तारीख टाकली, मोबाइलवर प्रत्येक चिऱ्याचा फोटो काढला आणि काकांनाही पाठवला. जुनी झेरॉक्स त्यांनी फाडून टाकली.